डिझेलवाले शरदकाका

शरदकाकांना फोन केला की ते ‘हॅलो’ म्हणत नसत. ‘आधी गाडी बंद केलीस का?’ असं विचारत. फोन गाडीसाठीच असणार हे त्यांनी धरलेलंच असे, आणि बहुतेक वेळा ते खरंही निघे. उभी हयात डिझेल इंजिनांत घालवलेला हा माणूस शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या आम्हा मराठी घरांचा हक्काचा मेकॅनिक होता. ते फोनवरून सांगत, फक्त हात आमचे काळे व्हायचे. पेट्रोलला इथल्यासारखं ‘गॅस’ म्हणायला ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत.

घर बदलताना माझ्या नवऱ्याने, निखिलने, भाड्याच्या डिझेल ट्रकमध्ये पेट्रोल भरलं, तेव्हा मी रडकुंडीला येऊन काकांनाच फोन लावला.

‘किल्ली फिरवली?’

‘नाही.’

‘मग काहीही झालेलं नाही. आता किल्लीला हात लावायचा नाही. न्यूट्रलवर टाकून बाजूला ढकला, टो ट्रक बोलवा. टाकी रिकामी करतील, विषय संपला. आणि निखिलला ओरडू नकोस गं, तो आधीच अर्धा झाला असेल.’

माझं तोवर भरपूर ओरडून झालं होतं, ते सोडा.

काकू गेल्यापासून काका एकटे राहत आणि आपला जुना डिझेल पिकअप गावभर फिरवत. त्यांनी ड्रायव्हिंग बंद करावं म्हणून मुलगी, लीना, शिकागोहून येऊन सारखी वाद घाले. काका भडकत. ‘इथे गाडी गेली की माणूस फर्निचर होतो,’ म्हणत. मला ते पटे. ही मुलगी उगाच त्यांच्या मागे लागते, असं मला वाटे.

गेल्या फॉलमध्ये, पानगळीत, एका रविवारी लीना काकांकडे जेवायला येणार म्हणून मी आणि काका त्यांच्या पिकअपमधून भाजी आणायला निघालो. वाटेत काका पंपावर उतरले. मी फोनमध्ये होते. मान वर केली तेव्हा डिझेलची नळी जागेवरच होती आणि काका पेट्रोलची परत अडकवत होते. ते येऊन बसले, किल्ली लावली.

‘काका, थांबा! पेट्रोल भरलंय!’

हात झटकन मागे आला. मग काय, गडी एकदम कामाला लागला. गाडी न्यूट्रलवर, दोन माणसं ढकलायला, टो ट्रकला फोन, अचूक पत्ता. माझा जीव भांड्यात पडला. विसरायला होतं एखाद्याला. लीनालाही मीच कळवलं.

बॉनेटला टेकून काका म्हणाले, ‘पण पेट्रोल भरलं कोणी?’

चेष्टा समजून मी हसले. ते हसले नाहीत.

लीना आली ती रडवेली. ‘बाबा, धिस इज द सेकंड टाइम. मागच्या मंथमध्ये पण झालं. प्लीज, गिव्ह मी द की.’

आता भडकतील, म्हणून मी वाट पाहिली. खरं तर भडकावेत असंच मला वाटत होतं. काका माझ्याकडे वळले.

‘तू सांग. मीच भरलं?’

खोटं बोलायची फार इच्छा झाली.

‘हो, काका.’

त्यांनी किल्ली लीनाच्या हातात ठेवली.

‘गाडीचं होईल संध्याकाळपर्यंत,’ ते म्हणाले. ‘माझं काय करायचं, तेवढं सांगा.’