झरा आटला नव्हता

सोनिवलीजवळचं आमचं तळं गुडघाभर पाण्याचं. त्यात ना दगड, ना गवत. मासा कुठे असेल हे वरून कळायचं नाही. वडील अनवाणी फिरून तळपायांनी शोधायचे. खाली झरा असलेली जागा थंड लागायची आणि उन्हाळ्यात मासे तिथेच जमायचे.

त्यांचा मधुमेह जुना झाला होता. त्या मे महिन्यात तासभर फिरून ते थांबले. “झरा आटला गं. बिल्डिंगवाल्यांच्या बोअरनी खाल्ला.”

आम्ही थंड पाण्यातच उभे होतो. माझ्या घोट्याला मासा घासून गेला. त्यांच्या पायांना काहीच कळत नव्हतं.

“हो बाबा, आटला,” मी म्हणाले.

तेव्हाच डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. दिवाळीआधी, न कळलेल्या जखमेपायी, पाय कापावा लागला. हॉस्पिटलातही ते बिल्डिंगवाल्यांनाच शिव्या देत होते.