आठ ग्रॅम शिसं

काटेवाल्यांचा जन्म दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करण्यात गेला. काटा असा लावून द्यायचे की माशी बसली तरी कळावं. त्यामुळे मैदानावर रिमोटची विमानं उडवणारी हौशी मंडळी उडवण्याआधी आपापलं विमान त्यांच्याच हातात द्यायची. काटेवाले पंखांखालच्या खुणांना दोन बोटं लावून विमान उचलायचे. नाक झुकलं तर शेपटीला शिसं, शेपूट झुकली तर नाकाला. मग "घ्या, उडवा" म्हणायचे. त्यावर ब्र काढायची कुणाची टाप नव्हती.

एका रविवारी त्यांचे साडू विमान घेऊन आले. साडू शिंपी. तापातून उठल्यापासून त्यांचा हात जरासा थरथरायचा, तरी सहा महिने खपून विमान त्यांनी एकट्यानं बांधलं होतं. बॅटरी अजून चार्जिंगला होती. पण काटेवाल्यांना कुठला धीर! त्यांनी स्वतःची जुनी, धोंड्यासारखी जड बॅटरी नाकात सरकवून तोल पाहिला आणि शेपटीला आठ ग्रॅम शिसं चिकटवलं. मग साडूंची हलकी बॅटरी आली, बसली. तोल पुन्हा बघायला हवा होता. अहो, शाळकरी पोरालाही कळेल एवढं! काटेवाल्यांच्या डोक्यातच आलं नाही.

विमान उठलं तेच नाक वर करून. साडू ते खाली आणायला जिवाचं रान करत होते, पण ते ऐकेना. वर क्षणभर अडकल्यासारखं झालं आणि धाडकन आदळलं.

तुकडे गोळा करताना काटेवाल्यांना चूक उमगली. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "शिंपीबुवांचा हात हलला हो!"

काटेवाल्यांनी शेपटीचं शिसं गुपचूप खिशात टाकलं.

"तोल तुम्ही पाहिला होता," साडू म्हणाले, "म्हणजे विमानात खोट नाही. माझे हातच गेले, साडू."

पुढचे तीन आठवडे काटेवाल्यांना जेवण गोड लागलं नाही. रोज सदरा बदलायचे, की शिसं जुन्या खिशातून नव्या खिशात. एकदा जेवताना बायको म्हणाली, "भाऊजींनी नवं काम घेणं बंद केलंय. कापडाला कात्री लावायची भीती वाटते म्हणे." काटेवाल्यांना स्वतःची लाज वाटली, इतकी की पानावरून उठून गेले. पण बोलले नाहीत. सगळ्या गावाचे काटे सरळ करणारा माणूस, आणि स्वतःची जीभ सरळ होईना!

शेवटी राहवेना म्हणून एका दुपारी साडूंच्या दुकानात गेले. दारातच उभं राहून सगळं भडाभडा ओकले: जड बॅटरी, शिसं, खिसा, सगळं. "तुमच्या हातांचा काही दोष नव्हता हो. माझं पाप आहे ते."

साडूंनी हात पुढे केला. काटेवाल्यांनी शिसं त्यावर ठेवलं.

"किती ग्रॅम?"

"आठ."

"आणि हे सांगायला तीन आठवडे?"

काटेवाल्यांची नजर खाली गेली. फरशीवर शिलाई मशीनच्या पायांचे चार डाग तेवढे होते.

"सकाळीच विकलं," साडू म्हणाले. शिसं धरलेला त्यांचा हात जरासुद्धा हलत नव्हता.