पेन ड्राइव्हची खंडेनवमी

माझ्या हातून आजवर एकच यंत्र बिघडलंय. आणि तेही अतिशय श्रद्धेनं.

मी आठवीत शाळा सोडली (शाळेनंही मला फारसं धरून ठेवलं नाही) आणि औशाहून थेट हैदराबादला ताईकडे आलो. ताई-भाऊजी नारायणगुड्यात दोन खोल्यांत राहायचे. भाऊजी मूळचे पुण्याचे, सॉफ्टवेअरमधले. तेव्हा शहराबाहेर बघावं तिकडं काचेच्या इमारती उठत होत्या आणि प्रत्येकीत कुणीतरी पुणेकर जाऊन बसत होता. मला कुणी कुठंच बसवणार नव्हतं. पण भाऊजींनी 'हा अजून किती दिवस?' असं एकदाही विचारलं नाही. उलट ऑफिसातून दमून आले तरी मला शेजारी घेऊन फोटो कापायला, उजळायला शिकवायचे. त्यांच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. "फुकट आहे, मोकळं आहे आणि याला व्हायरस लागत नाही!" हे ते पाहुण्यांना चहाच्याही आधी सांगायचे.

त्यांच्याच ओळखीनं सुलतान बाजारातल्या एका फोटो स्टुडिओत माझी परीक्षा ठरली. मालकांना सगळे चाचा म्हणत. चाचांनी माझ्या हातावर पेन ड्राइव्ह ठेवला. करंगळीएवढी वस्तू, मी आयुष्यात पहिल्यांदाच हातात घेतलेली.

"देख दत्ता, इसमें एक शादी के पूरे फोटो हैं. अल्बम जमा के दसरे के दूसरे दिन ला. काम अच्छा दिखा तो नौकरी पक्की."

"जी, चाचा."

"और गुमाना नक्को! दूसरी कापी हैच नई!"

झालं. एका करंगळीत कुणाचं तरी अख्खं लग्न आणि वर माझी नोकरी!

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या गावी त्या दिवशी विहिरीच्या मोटरीपासून अडकित्त्यापर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं, आणि हैदराबादेत तर रिक्षासुद्धा झेंडूत बुडालेल्या असतात. मग ज्याच्यावर माझं पोट अवलंबून, त्याला कोरडं कसं ठेवायचं? मी सकाळीच आंघोळ करून कॉम्प्युटरला ओलं हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. पेन ड्राइव्ह घेतला आणि अडलो. याचं कपाळ कुठलं? मोटरीला आम्ही तोंडाशी लावायचो. याला तर तोंडाशिवाय दुसरं काही नव्हतंच! लावलं तोंडाशी. ते कॉम्प्युटरच्या ज्या खाचेत जातं, तिथंही लावलं. वर चिमूटभर अक्षता.

मग नमस्कार करून पेन ड्राइव्ह आत घातला. काही नाही. ना दिवा, ना चित्र.

"भाऊजी, उघडत नाही हो!"

"माउंट झाला नसेल," भाऊजी हसत म्हणाले. माउंट होणं म्हणजे कॉम्प्युटरनं त्याला आपलं मानून दार उघडणं. "थांब, हातानं करू."

त्यांनी काळी खिडकी उघडून धडाधड आज्ञा टाइप केल्या. हसू जरा कमी झालं.

"याला तर काही लावलंय हेच दिसत नाहीये."

ते चहा प्यायला उठले. माझ्या मनात आलं, सकाळी राहुकाळ असणार. पूजा पोचली नाही. मी पेन ड्राइव्ह काढून पुन्हा कुंकू लावलं. जरा सढळ हातानं.

भाऊजींनी दुसरी खाच वापरून पाहिली. (तिला हळदकुंकू राहिलं होतं. ते मी, कॉम्प्युटर बंद करून चालू करायच्या मधल्या वेळात, उरकून घेतलं.) तीही मुकी! मग नेटवरून पानंच्या पानं वाचणं सुरू झालं. मग ऑफिसच्या मित्राला फोन. फोनवर 'कर्नल' शब्द ऐकून ताई आतून आली.

"मिलिट्रीपर्यंत गेलं का प्रकरण?"

"अगं, कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. तो बदलावा लागेल बहुतेक."

"आज सणाचा गाभा बदलायचा? आधी जेवा! पुरणपोळ्या गार व्हायल्यात."

मी जेवलो नाही. डोळ्यांपुढे औशाची एसटी दिसायला लागली. लोकांचं लग्न बुडवून मी परत जाणार, आणि भाऊजींचं नाव सुलतान बाजारात कायमचं खराब! ते दोघं पानावर बसले तेवढ्यात मी तिसरी पूजा केली. या वेळी अक्षता मूठभर, आणि डोळ्यांत पाणी.

जेवून भाऊजी टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरले. बराच वेळ नुसते पाय दिसत होते.

"दत्ता," पाय म्हणाले, "या खाचेत पिवळं काय आहे रे?"

"हळद असंल, भाऊजी."

"आणि हा तांदूळ?"

"अक्षता."

"आत कशा गेल्या?"

"मीच वाहिल्या."

"कधी?"

"कुठल्या विचारता? पहिल्या का तिसऱ्या?"

पाय थरथरायला लागले. मला वाटलं रडतायत. बाहेर आले तेव्हा हसून हसून चेहरा कुंकवासारखा झाला होता. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, ताईचा जुना ब्रश आणि स्पिरिट घेऊन दाणा दाणा उकरला, पेन ड्राइव्हचं तोंड पुसून वाळवलं.

"आता लाव. आणि हात जोडू नकोस!"

लावला. दिवा लुकलुकला. पडद्यावर चित्र उगवलं, आणि त्यातून शेरवानीतला नवरदेव माझ्याकडे बघून हसला. लिनक्सला व्हायरस लागत नाही, हे भाऊजींनी मला शंभरदा सांगितलं होतं. कुंकू लागतं, हे एकदाही सांगितलं नव्हतं!

अल्बम झाला. ठरल्या दिवशी चाचांनी पेन ड्राइव्ह हातात घेतला. टोपण काढताच (पूजा त्याचीही झाली होती, पुसायचं तेवढं राहिलं) पांढऱ्या कीबोर्डवर लाल भुकटी सांडली.

"ये क्या है रे?"

"कुंकू, चाचा. पूजा किया था."

"किसकी?"

"पेन ड्राइव्ह की."

चाचांनी कीबोर्ड उलटा करून झटकला. मग म्हणाले, "इत्ते साल से दुकान चला रऊं, मेरे सामान को इत्ती इज्जत कोई नई दिया. कल से आजा!"

आजही मी तिथंच आहे. दर खंडेनवमीला चाचा मला न मागता सुट्टी देतात. बाकीचे कारागीर म्हणतात, चाचांना दत्ताच्या सणाची केवढी कदर! आदल्या संध्याकाळी मी निघतो, तेव्हा कोपऱ्यावरून वळेपर्यंत चाचा दुकानाच्या दारात उभे असतात. निरोप द्यायला नाही. मी परत येत नाही ना, ते बघायला!