उघडा राहिलेला नमुना

ती घटना आठवली की आजही मला दुसऱ्या कुणाचा नाही, स्वतःचाच राग येतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पोलीस अधिकारी म्हणून माझी नेमणूक हडपसर भागात होती. कॉम्प्युटरचे सुटे भाग धुणाऱ्या एका छोट्या कारखान्यात भर दुपारी आग लागली आणि लातूरकडून आलेला एक कामगार जळून मेला. त्याचा थोरला भाऊही तिथंच कामाला होता.

संध्याकाळी ठाण्यात निनावी फोन आला, "थोरला शेडमध्ये विडी ओढत होता." झडतीत त्याच्या खिशात विडीबंडल निघालं. मालकानं प्रयोगशाळेचा दाखला पुढे केला. धुण्याच्या द्रावणाचा फ्लॅश पॉइंट बासष्ट अंश, म्हणजे तेवढं तापल्याशिवाय त्याची वाफ पेट घेत नाही. "शेडमधल्या पंख्याच्या बटणाच्या ठिणगीनं हे पेटणं शक्यच नाही, साहेब. कुणीतरी जळतं काहीतरी आत टाकलंय."

त्यात हा गडी रडेना. न रडणाऱ्याचा आम्हा पोलिसांना लवकर संशय येतो. मी अटक केली, चार दिवसांची कोठडी घेतली.

"साहेब, विडी वढतो, पर शेडात न्हाई. भावाला अग्नी दिऊन येतो, मग काय करायचं ते करा."

"आधी कबूल कर," मी म्हणालो. काय माज होता माझा!

तिसऱ्या दिवशी दाखला देणाऱ्या रसायनतज्ज्ञाचा जबाब घ्यायला गेलो. पेठेतले सरळमार्गी गृहस्थ. त्यांनी माझ्यासमोरच चाचणी करायचं ठरवलं, कारखान्यातल्या द्रावणाच्या दोन सीलबंद डब्यांपैकी एक उघडून नमुना भांड्यात ओतला आणि म्हणाले, "आधी चहा घ्या हो. नमुना कुठं पळून जातोय?"

चहा होईतो खोलीभर उग्र वास पसरला. चाचणीत पुन्हा बासष्टच आले. मी सहज विचारलं, "वास येतोय, म्हणजे यातलं काहीतरी उडतंय ना?"

त्यांचा चेहरा उतरला. उरलेला सीलबंद डबा त्यांनी फोडला, नमुना ओतला आणि लगेच झाकण लावून चाचणी घेतली. चौतीस अंशालाच निळी ज्योत भपकन उठली. त्या दुपारी शेडमध्ये याहून जास्त उकाडा होता.

"लवकर पेटणारं तेच आधी उडून जातं," ते पुटपुटले. "अहो, मी इतकी वर्षं असंच करत आलोय."

पंख्याचं बटण काढून तपासलं, तर ते आतून जळालेलं. आग तिथूनच लागली होती. निनावी फोन कुणी केला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. चौथ्या दिवशी कोर्टात अहवाल देऊन मी थोरल्याला सोडलं. चूक त्या तज्ज्ञांचीही होती, पण शंका येताच त्यांनी दुसरा डबा फोडला. मी मात्र एकाच उत्तरासाठी त्या माणसाला पिळत बसलो होतो. तपास म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं, आणि फार उशिरा कळलं.

झडतीतल्या वस्तू परत मिळाल्याची सही करून थोरला दारात थांबला.

"साहेब, त्याला कुठं जाळलं?"

मला माहीत नव्हतं. हवालदाराला हाक मारून विचारावं लागलं.