फल्ली तेलावरचा फिल्टर

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. त्या उन्हाळ्यात सोनाळ्याला सुतकात भेटायला गेलेली आमची मोटार भज्यांचा वास सोडत मयताच्या दारात थांबली. मोटारीत भजी नव्हती. हे सिद्ध करायला बराच वेळ लागला.

वारलेले नारायणकाका म्हणजे बाबांचे थोरले चुलतभाऊ. बांधावरच्या एका बाभळीवरून दोघांचं बोलणं बंद झालं होतं. बाभूळ पुढे वाळवीने खाल्ली. अबोला जास्त टिकाऊ निघाला. आता बाबांना एवढंच हवं होतं की काकूंनी ‘बसा’ म्हणावं. (हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी स्वतःचं धोतर स्वतः नीळ घालून धुतलं, त्यावरून आम्ही ओळखलं.)

आमची मोटार जुनी. संग्रामपूर-सोनाळा रस्त्याची धूळ खाऊन ती धापा टाकी आणि मध्येच बसे. मयताच्या दारात ती ढकलत नेणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी खामगावहून आणलेला हवेचा नवा फिल्टर बसवायला काढला. जुन्यात नुसती जाळी होती. नव्याच्या तळाशी वाटी होती आणि वाटीत तेल भरायचं होतं. हवा तेलावरून जाते, धूळ तेलात राहते. मिस्त्रीने इंजिनाचं तेल सांगितलं होतं. ते घरात नव्हतं. पण मी तेव्हा एका साप्ताहिकाला बातम्या पाठवत असे, त्यामुळे माहीत नसलेल्या विषयावर मत द्यायचा सराव होता.

“माय, तेल हाये काय?”

“हाये ना. सुतकात कढई थोडीच चढते? फल्लीचं पडूनच हाये. कायले पाह्यजे?”

“मोटारले.”

“तिले चालते?”

“तेल ते तेल.”

वाटीत खुणेची रेघ होती. मी ते शेंगदाण्याचं तेल रेघेच्या वर दोन बोटं भरलं. घरचं तेल, हात कशाला आखडता घ्यायचा?

मोटार एकदाही बसली नाही. मागून फक्त पांढरा धूर निघत होता. अर्ध्या वाटेवर माय म्हणाली, “कोनाच्या वावरात भजे तळून राह्यले वाटते.” वारा पाठीमागून होता. वास आमच्याआधी सोनाळ्यात पोचला.

ओसरीवर बसलेल्यांत तोवर दोन तट पडले होते.

“पुऱ्या हायेत.”

“पुऱ्या काऊन बे? कांद्याचे भजे हायेत.”

तेवढ्यात धुरातून बाबा उतरले. चेहरा गंभीर, धोतर पांढरंशुभ्र. काकूंचे भाऊ रामभाऊमामा पुढे आले.

“काऊन जी, भावकीत मयत अन् तुमच्या घरी कढई?”

“कढई नाही जी. मोटार हाये.”

“मोटार भजे तळते?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हवा, धूळ आणि तेल यांचा संबंध समजावून सांगितला. एक म्हातारा मध्येच म्हणाला, “भाऊ मेला म्हून खुशीत खाऊन आले, अन् पोरगं विज्ञान सांगून राह्यलं.” बाबा तसेच परत मोटारीकडे वळले.

मग मीच बॉनेट उघडलं आणि वाटी काढून मामांपुढे धरली. मामांनी बोट बुडवलं आणि चाटलं. दोन्ही तट पुढे सरकले.

“फल्ली हाये,” मामा म्हणाले. “घानीचं.”

“म्याच देल्लं जी,” माय म्हणाली. “सुतकात पडून होतं म्हून.”

आतल्या दाराशी काकू पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. पदराआडून आवाज आला. तो रडण्याचा होता की हसण्याचा, याची खात्री करता आली नाही. मग शब्द आले.

“भाऊजी, बसा. पानी द्या रे त्यायले. अन् त्या पोराले म्हना, वाटी झाकून ठेव, माशा बसतीन.”

बाबा बसले. बराच वेळ बसले.

निघताना मोटार सुरू झाली नाही. काकूंनी नारायणकाकांची बैलजोडी दिली. बैलांनी आम्हाला भर उजेडात संग्रामपूरपर्यंत ओढत आणलं. वाटेत बाभळीचा बांध लागला, तेव्हा बाबा उतरून बैलांपुढे चालू लागले. दुसऱ्या दिवशी जोडी परत करायलाही ते स्वतःच गेले.

तेरवीच्या, म्हणजे तेराव्याच्या, जेवणाचा निरोप घेऊन काकूंचा सालदार गडी आला.

“समद्यायनं जेवाले यावं,” तो म्हणाला. “तेल आनू नका.”