आक्काची मुरुडशेंग

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, देवालाही नाही — देवापुढे बसले की मी भाताचं नि म्हशीचंच बोलते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. सांगताना मला रडू येईल असं समजू नका. येत नाही. यायला हवं, एवढं कळतं.

कासार आंबोलीतलं आमचं घर. थोरल्या जावेला मी आक्का म्हणायचे. तिच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. तिनं परसात मुरुडशेंग लावली होती. गुटीच्या सामानात ती शेंग तुम्ही पाहिली असेल — बोटाएवढी, वाळकी, दोरीसारखा पीळ असलेली. बाळाच्या पोटात मुरडा आला की सहाणेवर उगाळून चाटवतात. शेंगेला पीळ, म्हणून पोटातला पीळ सुटतो, असं बायका म्हणायच्या. पण तिचं झुडूप कुणी दारात लावतं का? डोंगरात हवं तेवढं उगवतं. आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, नाक मुरडायच्या. आक्का एकदाच म्हणाली, "रानातल्या शेंगंला कीड असती. बाळाच्या तोंडात जायची, ती आपल्या हातची बरी."

बी काही केल्या उगवेना. तिनं ते ऊन पाण्यात भिजवून बघितलं, दोनदा फुकट गेलं, तिसऱ्यांदा दोन रोपं आली. एक शेळीनं खाल्लं. दुसऱ्याला तिनं काट्यांचं कुंपण केलं आणि भांड्यांचं धुवण त्यालाच घालत राहिली. चार वर्षांत ते डोक्याच्या वर गेलं. फुलं लालभडक यायची आणि दोन दिवसांत राखाडी पडायची. मला ती आवडायची. हे इथं सांगायचं कारण नाही, पण सांगते.

त्या झुडपानं आक्काला काय दिलं होतं, ठाऊक आहे? वांझ म्हटलेल्या बाईला बाळंतिणीच्या खोलीत कोण घेतं? आक्काला घेत. गावात मूल झालं की निरोप यायचा — शेंग घेऊन ये. ती स्वतः उगाळायची, बाळ मांडीवर घ्यायची, करंगळीनं चाटवायची. तेवढा वेळ ते बाळ तिचं असायचं. मला मुलगा झाला, तेव्हा त्याची रोजची गुटीही तीच द्यायची. देश स्वतंत्र होऊन सहा-सात वर्षं झाली असतील.

आता तिकडे यायला हवं — येते.

माझ्याकडे अफूची डबी होती. आईनं दिलेली. दचकू नका, तेव्हा कितीतरी जणी देत. पोर निजलं की बाईचे हात शेताला मोकळे. तिळाएवढीच द्यायची, असं आईनं बजावलं होतं. पण आत्याबाईंना अफूचं नावही खपत नसे. त्यांचं एक लेकरू तसंच निजलं होतं, ते उठलंच नाही. म्हणून डबी मी कणगीमागे लपवायचे.

भाताची लावणी चालली होती, माणसं कमी, आणि पोर रडायचं थांबेना. त्या दिवशी मी तिळाएवढी घेतली नाही. तांदळाएवढी घेतली. हात चुकला म्हणू? नाही चुकला. मला कळत होतं.

दुपारी बांधावरच्या झोळीतून काढलं, तर त्यानं मान टाकलेली. ओठ निळसर. धावत घरी आणलं. आक्कानं त्याला माझ्या हातातून घेतलं, तोंडावर पाणी मारलं, तळपायांवर चापट्या मारत राहिली. आत्याबाईंनी मला विचारलं, "पोराला काय दिलंस?"

मी म्हणाले, "आक्काची गुटी."

खोटं कसं म्हणाल? सकाळी गुटी दिलीच होती तिनं.

आत्याबाईंनी पोर तिच्याकडून ओढून घेतलं. आक्का म्हणाली, "माझ्या शेंगंनं न्हाई झालं हे."

"मग कशानं झालं?"

आक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी पोराकडे पाहत राहिले.

दिवस मावळायच्या आत ते रडलं, वाचलं. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी झुडूप काढायला लावलं — आक्कालाच. माती ओली होती, पण मुळं सुटेनात. मी ओट्यावर पोराला घेऊन उभी होते. मला काही वाटत नव्हतं. पोर अंगावर पीत होतं, पाऊस उघडला होता, एवढंच आठवतं. मुरुडशेंगेची साल चिवट, आत्याबाईंनी ती वाया घालवली नाही. वळून वासराला दावं केलं. ते झिजेपर्यंत मी रोज वासरू त्याच दाव्यानं बांधत होते.

गावात आक्काला कुणी वाईट बोललं नाही. नुसता निरोप येईनासा झाला. बारशाला गेली तर आया बाळाला पदराआड घेत. मग तिनं जाणं सोडलं. मनाला मुरड घातली, असं म्हणायची पद्धत आहे. ती मुरड मी घातली होती.

तीन वर्षांनी मला मुलगी झाली. एका दुपारी सगळी रानात गेलेली असताना आक्का खोलीच्या दारापर्यंत आली. उंबरा ओलांडला नाही. फडक्यात चार शेंगा होत्या, डोंगरातून आणलेल्या, एकीलाही कीड नाही. उंबऱ्यावर ठेवून म्हणाली, "हिला तरी ते देऊ नगंस."

म्हणजे तिला माहीत होतं. तीन वर्षं माहीत होतं, आणि ती बोलली नव्हती — का? मी विचारलं नाही.

मुलीला अफू दिली नाही, एवढं तिचं ऐकलं. शेंगा मात्र चुलीत घातल्या. आत्याबाईंनी पाहिल्या असत्या, तर सगळं पुन्हा निघालं असतं.

आत्याबाई पुढे दोन वर्षांनी गेल्या. भ्यावं असं घरात कुणी उरलं नाही. त्यानंतर नऊ वर्षं आक्का आणि मी एकाच चुलीपुढे बसलो. ती भाकरी थापायची, मी भाजायचे. पोरं अवतीभवती असायची. तिनं त्यांना कधी मांडीवर घेतलं नाही. मीही कधी "घे" म्हणाले नाही.