एका प्युरिटन बाईचं माहेर

सासूबाईंच्या माहेराबद्दल आमच्या घरात कुणी विचारायचं नसे. विचारलंच तर त्यांना गॅसवर ठेवलेलं दूध आठवायचं, आणि दूध ठेवलेलं नसलं तर त्या उठून ठेवायच्या. लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी मला एवढंच कळलं होतं की त्यांचं कन्यादान मामांनी केलं, आणि माहेरचं आडनाव म्हणून त्या मामांचं आडनाव सांगतात. वडील होते का, होते तर त्यांचं काय झालं, हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. तो मरीन इंजिनिअर. जहाजाच्या पोटातला कुठला पाइप कुठे वळतो ते तो झोपेत सांगेल, पण आईच्या वडिलांचं नाव विचारलं की खांदे उडवायचा. मला मात्र ते राहवत नसे. मला चौकशा करायला आवडतं, हे कबूल करून टाकते. माझी बहीण ह्याला भोचकपणा म्हणते.

दोन हजारच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. आम्ही सिंगापूरला बुओना व्हिस्टाच्या एका कॉन्डोत राहत होतो. मुंबईतली नोकरी सोडून मी डिपेंडंट पासवर आले होते, म्हणजे सरकारदरबारी मी नवऱ्याची अवलंबित, आणि घरी सगळे माझ्यावर अवलंबून. सासूबाई वर्षातले काही महिने आमच्याकडे असत. निवृत्त गणिताच्या शिक्षिका. रोज सकाळी नऊवारीचा काळ गेल्याचं दुःख करत पाचवारी नेसायच्या, खाली स्पोर्ट्स शूज घालायच्या आणि स्विमिंग पूलभोवती मोजून अकरा फेऱ्या मारायच्या.

त्याच पुलात एक अमेरिकन आजी टोपी घालून, गळ्याइतक्या पाण्यात, पोहण्याऐवजी चालत असायच्या. त्यांचा जावई जवळच्याच एका संशोधनसंस्थेत होता. एक आजी पाण्यातून चालतेय, दुसरी काठावरून, आणि दोघी एकमेकींकडे बघून माना डोलवताहेत, असं महिनाभर चाललं. मग अमेरिकन आजींनी केळ्याचा केक आणला आणि ओळख झाली. सासूबाईंना इंग्रजी उत्तम वाचता येत असे, पण बोलायच्या नाहीत. "बोलायला लागलं की चुका होतात," त्या म्हणायच्या, "आणि चुका मी जन्मभर दुसऱ्यांच्या काढल्यात." म्हणून दुभाषी मी.

हे काम मी माझ्या पद्धतीनं करायचे. सासूबाई केकचा तुकडा तोंडात घालून म्हणाल्या, "शिऱ्यात रवा भाजायचा राहिला की असं लागतं." मी सांगितलं, "त्यांना त्यांच्या घरच्या एका गोड पदार्थाची आठवण झाली." अमेरिकन आजी गहिवरल्या. दुसऱ्या दिवशी दुप्पट केक आला.

एकदा पुलाकाठच्या टेबलावर त्या आजींनी एक फाईल उघडली. पावणेचारशे वर्षांपूर्वी इंग्लंडातून जहाजात बसून अमेरिकेत गेलेली त्यांची एक पूर्वज बाई त्या शोधत होत्या. ही प्युरिटन होती. म्हणजे फार कडक ख्रिस्ती, नाच नाही, दागिने नाहीत, नाताळसुद्धा साजरा करायचा नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं.

"मग करायच्या काय दिवसभर?" सासूबाई म्हणाल्या.

"त्या फार प्रभावित झाल्यात," मी सांगितलं.

अडचण अशी होती की बाईचं पहिलं नाव माहीत, नवऱ्याचं आडनाव माहीत, तो पिंपं बनवायचा हे माहीत, पण बाई कुणाची मुलगी ते कुठेच नव्हतं. जहाजाच्या यादीत नुसतं 'आणि बायको'. अमेरिकन आजींच्या थोरल्या बहिणीनं तिकडे भिंतीवर वंशवृक्ष लावला होता आणि त्यात ह्या बाईला बेधडक एका उमरावाची मुलगी करून टाकलं होतं. पुरावा काही नाही. नोव्हेंबरात सगळं कुटुंब त्या भिंतीखाली जेवायला जमणार होतं. "मी एकोणऐंशी वर्षांची आहे," आजी म्हणाल्या. "एकदा तरी ती चुकलेली मला बघायचीय. आणि ही बिचारी खरी कुणाची होती, तेही कळायला हवं."

पहिलं कारण मला लगेच पटलं. आणि माहेर शोधणं हा तर आपला आवडता उद्योग. इथे सिंगापुरातसुद्धा सेंगकांगला कुणाकडे हळदीकुंकवाला गेलं तर वाण हातात पडायच्या आत "तुमचं माहेरचं आडनाव काय हो?" सुरू होतं, आणि तिसऱ्या प्रश्नाला कुणाची तरी चुलत नणंद निघतेच. जिवंत बायकांचं जमतं, तर मेलेल्या बाईचं का जमू नये? शिवाय माझा एक आतला डाव होता. एका बाईच्या माहेराची चर्चा घरात रोज चालली, तर दुसरीचं तोंड कधीतरी उघडेल, असं मला वाटत होतं.

घरी नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं. इंग्लंडातल्या काही हौशी मंडळींनी आपापल्या गावच्या चर्चमधल्या जुन्या नोंदी टाइप करून इंटरनेटवर ठेवल्या होत्या. ते जहाजातले लोक ज्या परगण्यातले होते तिथली, त्या वर्षांमधली, त्या नावाच्या नवरीची त्या आडनावाच्या नवऱ्याशी झालेली एकूण एक लग्नं मी छापून काढली. जुरोंग ईस्टच्या लायब्ररीतून जुन्या इंग्रजीचा कोश आणला. जेवणाच्या टेबलावर दोन गठ्ठे झाले, एक 'शक्य' आणि एक 'अशक्य'. सासूबाई सुरुवातीला नाक मुरडत होत्या. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून, लाल पेन घेऊन शेजारी बसल्या. उत्साह पेपर तपासायचाच होता. लग्नाआधी चार महिने मूल जन्मलेली एक प्युरिटन जोडी त्यांनी शोधून काढली आणि दिवसभर खुशीत होत्या.

'अशक्य' गठ्ठ्यासाठी मी नियम केले होते. नवरी पन्नाशीची असेल तर बाद. नवरा पुढच्याच वर्षी वारला असेल तर बाद. आणि नवरानवरीचं आडनाव एकच असेल तर बाद. हा शेवटचा नियम करताना मी क्षणभरही थांबले नाही.

"एकच आडनाव म्हणजे भाऊबंद," मी एक नोंद त्या गठ्ठ्यात टाकत म्हणाले. "सगोत्र. लिहिणाऱ्याचीच चूक असणार, नाही का हो आई?"

 सासूबाई उठल्या आणि त्यांनी गॅसवर दूध ठेवलं.

दोन महिने गेले. शक्य गठ्ठ्यातल्या बायका एकेक करून इंग्लंडातच म्हाताऱ्या होऊन मेल्या. कुणीही जहाजात बसेना. अमेरिकन आजींचं विमान दहा दिवसांवर आलं, आणि त्या पाण्यात चालण्याऐवजी नुसत्या उभ्या राहू लागल्या. मी त्यांचं मन रमवायला म्हणून विचारलं की तुमच्या नवऱ्याकडचं मूळ गाव सापडलंय का. त्या सहज म्हणाल्या, "अगं, त्या एका गावात तर निम्मे लोक आमच्याच आडनावाचे. एकमेकांतच लग्नं करायचे. माझ्या नवऱ्याचे आजीआजोबासुद्धा चुलत भावंडंच होते की."

मी कपाळावर हात मारला. इंग्रज चुलत बहिणीशी लग्न करतो, ही गोष्ट शाळेत इतिहासाच्या तासाला मला नक्की सांगितली असेल. पण मी त्या सगळ्या प्युरिटन मंडळींना एकगठ्ठा आपलं गोत्र लावून बसले होते.

लिफ्टची वाट न बघता जिना चढून वर आले आणि अशक्य गठ्ठा उपसला. ती नोंद नव्हती. तिला जोडलेला दुसरा कागदही नव्हता. तो मी छापला तेव्हा वाचलाही नव्हता, कारण नोंदच बाद झाली होती. टेबलाखाली पाहिलं, प्रिंटरमागे पाहिलं. माझी नऊ वर्षांची मुलगी सोफ्यावर शांतपणे बिस्किट खात होती.

"आजी टेक व्हॉट," ती शाळेत शिकलेल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "लाँग टाइम ऑलरेडी. तिच्या पोथीत ठेवला. मला म्हणाली डोन्ट टेल. बट यू नेव्हर आस्क, लाह."

सासूबाई खिडकीशी खुर्चीत बसून शेंगा सोलत होत्या. दुपारचे तीन वाजले असतील. मी समोर जाऊन बसले आणि शक्य तितका साळसूद चेहरा केला.

"आई, एक कागद सापडत नाही."

"कुठला?"

"अशक्य गठ्ठ्यातला."

"अशक्यच ना? मग कशाला हवाय?"

मला हसू आलं, आणि त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा ते विरलं. शेंगा सोलणारे हात थांबले होते. त्या उठल्या, देवाजवळची पोथी आणली आणि घडी केलेले दोन्ही कागद माझ्या हातात दिले.

पहिली नोंद लग्नाची. तेच नाव, तेच आडनाव दोघांचं. दुसरा कागद होता नवरीच्या बापाचं मृत्युपत्र. जमीन मुलांना, गाय धाकटीला. मग एक ओळ पिंपं करणाऱ्या नवऱ्याबरोबर समुद्रापार गेलेल्या मुलीसाठी होती. हे लग्न त्याच्या मनाविरुद्ध झालं होतं. तरी घरातलं मोठं पितळी घंगाळ तिचं, तिनं मागवलं तर पाठवावं, आणि नाही मागवलं तरी दुसऱ्या कुणाला देऊ नये. त्या ओळीखाली लाल पेनानं बारीक रेघ मारलेली होती.

"आमचं आडनाव एकच होतं," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांचं आणि माझं. गोत्रही एकच. एकाच शाळेत शिकवायचो."

 ह्याच बाईंनी माझ्या लग्नाच्या वेळी पत्रिकेतला मंगळ तीन ज्योतिष्यांकडून तपासून घेतला होता. "म्हणजे लव्ह मॅरेज?" मी जवळजवळ ओरडलेच.

"गणिताच्या वह्या तपासायची एकच खोली होती शाळेत," त्या म्हणाल्या, आणि एवढं म्हणताना थोड्या हसल्या.

वडिलांनी सांगितलं की सगोत्र लग्नात मी माझ्या हातानं कन्यादान करणार नाही. शेवटी मामांनी तोड काढली. होम करून भाचीला दत्तक घेतलं, तिचं गोत्र बदललं आणि लावून दिलं लग्न. वडील लग्नाला आले, पण पाहुण्यासारखे. शेवटच्या पंगतीत जेवले आणि मुलीशी न बोलता गेले. तीही हट्टाला पेटली. तुम्ही मला देऊन टाकलंत ना, मग तुमचं नाव घेणार नाही, असं तिनं मनाशी ठरवलं आणि पंचेचाळीस वर्षं पाळलं.

"ते गेल्याचं कळलं तेव्हा मला त्यांचं सुतकही नव्हतं," त्या म्हणाल्या. "दत्तक गेलेल्या मुलीला कसलं सुतक? मी शाळेत गेले. नववी 'ब'ला त्रिकोण शिकवले. एकही चूक झाली नाही." मग माझ्या हातातल्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्या बाईच्या बापानं निदान लिहून ठेवलं गं. घंगाळ का होईना."

मला खूप वाईट वाटलं, आणि लाजही वाटली. इतके दिवस मी त्यांचं तोंड उघडायला बघत होते, एखादं डब्याचं झाकण उघडावं तसं. मी उठून दूध ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई फेऱ्या न मारता थेट टेबलाशी येऊन बसल्या. कागद त्यांनी स्वतः अमेरिकन आजींच्या पुढे ठेवले. आजींनी दोनदा वाचले. उमराव गेला आणि तिथे एक हट्टी शेतकरी आला, तरी त्या इतक्या खूश झाल्या की ओल्या हातांनी सासूबाईंना मिठी मारली. सासूबाईंची पाचवारी भिजली. मी वाट पाहत होते की आता काहीतरी भाषांतर करण्यासारखं येईल, पण त्या पदर पिळत होत्या.

आजींनी आपला तक्ता उघडला, रिकाम्या चौकटीत बापाचं नाव लिहिलं आणि मग विचारलं, "आणि तुमचं? लग्नाआधीचं?"

मी सवयीनं मामांचं आडनाव सांगायला तोंड उघडलं. सासूबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"सेम," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "लाइक हर. सेम नेम, बिफोर अँड आफ्टर. माय फादर वॉज अँग्री." मग माझ्याकडे मान वळवून, "अँड द केक नीड्स मोअर रोस्टिंग. शी नेव्हर टोल्ड यू."

अमेरिकन आजी इतक्या हसल्या की खुर्ची मागे सरकली. मी पुलाकडे बघत बसले, पाणी त्या दिवशी फार निळं होतं.

मग सासूबाईंनी आजींचं पेन मागून घेतलं, तक्ता उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर सुवाच्य देवनागरीत आपलं नाव, पुढे वडिलांचं नाव आणि आडनाव असं पूर्ण लिहिलं. फळ्यावर लिहायच्या तसंच, वरची रेघ शेवटी एका झटक्यात ओढून. वडिलांचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. आजींनी ते काय आहे असं विचारलं नाही. तक्त्याची घडी घातली आणि फाईलमध्ये ठेवला.

सासूबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या सगळ्या कागदांवर, पासपोर्टवर, पेन्शनच्या पुस्तकावर त्यांच्या नावापुढे नवऱ्याचं नाव आहे. वडिलांचं नाव त्यांच्या हातानं त्यांच्या नावाला जोडलेलं एवढ्या एकाच कागदावर होतं, आणि तो अमेरिकेला गेला. त्याची झेरॉक्स काढून ठेवायचं मला सुचलं नाही.